धाकू मेस्त्रीचा पाळणा

धाकू मेस्त्री माणूस कसा होता हे सांगायचं, तर सुरुवात नळाच्या घंटेपासून करावी लागते. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर आमची चाळ. नळाला पाणी केव्हा येईल याचा नेम नसे. बायका हंडे-कळशा मांडून ताटकळत बसायच्या, आणि कुणी जरा चहाचं आधण ठेवायला आत वळली की नेमका तेवढ्यात नळ सुटायचा. धाकूनं काय केलं, नळाखालच्या पिंपात दोन तारा सोडल्या, त्या एका पत्र्याच्या डबीत नेल्या आणि जिन्यात एक घंटा टांगली. पिंपात पाणी पडून तारांना लागलं की घंटा कोकलायची. सारी चाळ खूश. मात्र शेजारच्या चंपामावशीनं एकदा घामेजल्या हातानं त्या तारा बाजूला सारल्या, तरीही घंटा वाजली, आणि भर उन्हाळ्यात चाळभरच्या बायका रिकाम्या नळापुढे रांग लावून उभ्या राहिल्या. धाकू हसून हसून जिन्यात बसला. डबी उघडून त्यानं मला आतला मसुराच्या दाण्याएवढा तुकडा दाखवला आणि म्हणाला, "भाऊराव, ह्यो ट्रान्झिस्टर लय हळवो आसा. ओल्या बोटानसुदा जागो होता."

तर असा माणूस. मालवणकडचा. बाप सुतार, आजा सुतार, आणि धाकूच्याही हातात रंधा असा फिरायचा की ढलपी रेशमासारखी उतरावी. पण मुंबईत येऊन गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात चिकटला आणि लाकडाचा नाद सुटून विजेचा लागला. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली ती त्याचीही सुटली, माझीही. मी घरी बसून शेवंतीच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, पापडांना हातभार लावू लागलो. धाकूला अंधेरीच्या कारखान्यांच्या वसाहतीत मोटरी दुरुस्त करायचं काम मिळालं. संध्याकाळी येताना खिशात काहीतरी जळकं, तुटकं घेऊन यायचा आणि रविवारी त्यातून काहीतरी फिरतं, वाजतं, लुकलुकतं काढायचा. बढाया मारण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. भुताखेतांची गोष्ट निघाली की तोंड वाकडं करून विचारायचा, त्या भुताला किती व्होल्ट लागतात ते सांगा. त्याची बायको सुगंधा वहिनी देवभोळी. ती कानावर हात ठेवायची आणि दिव्यापुढे त्याच्या वतीनं नाक घासायची.

त्यांची एकुलती लेक प्रेमा. ती मानखुर्दला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून इकडे आली, मुलगा झाला, आणि पाचवी पुजायच्या आधीच तो गेला. आमच्या चाळीतच, धाकूच्या खोलीत, खिडकीजवळ. बारसं व्हायचं राहिलं. नाव नाही, काही नाही. प्रेमा तशीच, छातीला फडकं गुंडाळून, मानखुर्दला परत गेली. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिची सासू म्हणाली, या खेपेला पोर इथेच राहू दे. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण धाकू हट्टाला पेटला. म्हणाला, माझ्या घरात गेलं, आता माझ्या घरातच येईल. भांडून, हात जोडून त्यानं जावयाला, नंदूला, वळवलं. आणि लेक यायच्या आधी त्यानं पाळणा करायला घेतला.

लाकूडकाम बघत राहावं असं. सागाची चौकट, कठड्याला पोपट, वर दोन लोखंडी साखळ्या तुळईच्या आकड्यात. पण नुसता पाळणा करील तर तो धाकू कसला. पाळणा आपला आपण हलला पाहिजे. आधी त्यानं मोटरीला चाक लावलं आणि चाकाला दांडी. पाळणा हलला, पण गाढवावर बसवल्यासारखा. धाकू नाराज झाला. म्हणाला, आईचा हात असा नसतो. तो इकडे हलकेच ओढतो, सोडतो, मग तिकडे. म्हणजे मोटर एकदा सुलटी आणि एकदा उलटी फिरायला हवी, आणि मोटर उलटी फिरवायची तर तिच्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते. दर झोक्याला ती कोण करणार?

त्यासाठी चार ट्रान्झिस्टर. हे मला त्यानं खडूनं जमिनीवर काढून दाखवलं होतं, म्हणून लक्षात आहे. दोन भिंती. प्रत्येक भिंतीला वर एक दार, खाली एक दार. दोन भिंतींच्या मधोमध आडवी मोटर. इंग्रजी एच अक्षरच दिसतं, म्हणून त्याला एच ब्रिज म्हणतात. वीज वरून येणार, खाली जाणार. डावीकडचं वरचं दार आणि उजवीकडचं खालचं दार उघडलं की वीज मोटरीतून एका अंगानं जाते. ती दोन मिटून उरलेली दोन उघडली की दुसऱ्या अंगानं. झाली मोटर उलटी. प्रत्येक दार म्हणजे एक ट्रान्झिस्टर. फक्त एक सांभाळायचं, एकाच भिंतीतली वरची-खालची दोन्ही दारं एकदम उघडता कामा नयेत. उघडली तर वीज मोटरीला विचारत नाही, सरळ खाली कोसळते आणि धूर होतो. तसा धूर बरेचदा झाला. सगळ्या गॅलरीत जळक्या केसांसारखा वास यायचा आणि सुगंधा वहिनी तुळशीपुढे उदबत्ती लावायची. मोठे ट्रान्झिस्टर तापतात म्हणून त्यानं तिच्या ॲल्युमिनियमच्या टोपांची झाकणं पळवली, खाली अभ्रकाचा पापुद्रा ठेवून त्यावर ते स्क्रूनं आवळले. कितीतरी दिवस त्या घरात भात उघडा शिजत होता. शेवटी एकदाचं जमलं. टॅक्सीची जुनी बॅटरी, फळीवर चार झाकणं, मोटरीच्या कप्पीवरून पाळण्याच्या दोन्ही बाजूंना दोरी. पाळणा असा हलला, की आम्ही सगळे बोलायचे थांबलो.

आणि वर त्याची हौस बघा. नळाच्या घंटेतला तो हळवा ट्रान्झिस्टर त्यानं इथेही बसवला. बाळाच्या दुपट्याखाली दोन तारा घालायच्या. दुपटं ओलं झालं की बाळ रडायच्या आत पाळणा सुरू. आई मोरीतून हात पुसत येईपर्यंत बाळ गप्प. बाळ अजून यायचं होतं, म्हणून पायात येऊ नयेत अशा बेतानं त्यानं एक तार खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवली, दुसरी पाळण्याच्या साखळीला वर, आकड्याजवळ. दोन्हींत चांगलं दोन हातांचं अंतर. तारा सुट्या असल्या की बॅटरी झोपलेलीच, बटण बंद करायचीही गरज नाही, असं त्यानं ऐटीत सांगितलं.

सुगंधा वहिनीला यातलं काही नको होतं. मूल यायच्या आधी पाळणा टांगू नये, आणि टांगलाच तर रिकामा हलवू नये. रिकामा पाळणा हलवला की आत कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही, असं आमच्याकडे पूर्वापार मानतात. धाकू म्हणाला, रिकामा हलवल्याशिवाय मी यंत्र पारखू कसं? नवराबायकोची चांगलीच जुंपली. शेवटी तोड तिनंच काढली. बारशाला नाही का आपण वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतो, बाळाआधी त्याला झोपवतो? मग पाळणा भरलेला राहील. तिनं पाट्यावरचा वरवंटा धुऊन पुसून घेतला, ट्रंकेतली कुंची आणि दुपटं काढलं, गुंडाळलं आणि पाळण्यात निजवलं. धाकूला तर आनंदच झाला. वजन म्हणे बरोबर बाळाएवढं, पारखायला याहून चांगलं काय.

ट्रंकेत कुंची एकच होती. ती पहिल्या मुलासाठी शिवलेली होती. वहिनीच्या ते ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तरी तिनं दुसरी शिवली नाही. न जन्मलेल्या मुलासाठी टाका घालायचा नसतो ना.

प्रेमा आषाढात आली. खोलीत पाऊल टाकलं आणि पाळण्यापाशी थांबली. आम्ही गॅलरीतून बघत होतो. तिनं वाकून कुंचीची कड बोटानं चाचपली, तिथे गुलाबी दोऱ्याचा टाका होता, तिनंच घातलेला.  पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि पाळण्याशेजारी खिडकीत जाऊन बसली.

श्रावण लागला तेव्हाची गोष्ट. बाहेर पावसाची पिरपिर, खोल्याखोल्यांत ओल्या कपड्यांच्या दोऱ्या, सगळीकडे कोंदट वास. दुपारची जेवणं झाली की चाळ निपचित पडायची. पुरुष कामावर, वहिनी शेजारी गहू निवडायला. मी गॅलरीत स्टुलावर बसलो होतो. सांताक्रूझला उतरणारं विमान आमच्या कौलांवरून गेलं, घराघरांतली भांडी थरथरली, आणि ते गेल्यावर जी शांतता पडली तिच्यात मला आवाज ऐकू आला. कुर्र... कुर्र... आकड्यात साखळी घासल्याचा. धाकूचं दार उघडं होतं. आत पाळणा हलत होता. इकडे हलकेच, मग तिकडे हलकेच. प्रेमा खिडकीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर. तिनं पाळण्याला हात लावलेला नव्हता. पाळण्यात कुंची घातलेला दगड, आणि ती त्याच्याकडे असं बघत होती की मला हाक मारायचं सुचेना.

पाळणा बराच वेळ हलला. मग झोका लहान होत गेला, आणखी लहान, आणि अगदी हळू थांबला. मूल झोपल्यावर आई थांबवते ना, तसा. प्रेमानं ओठांवर बोट ठेवलं. माझ्यासाठी.

मी घरी जाऊन शेवंतीला सांगितलं, तर ती म्हणाली की तिनं हे परवाच पाहिलंय. आणि चंपामावशीनंही. तिघांचं सांगणं एकच. भर दुपारी सुरू होतो, दिवस कलायच्या आत थांबतो. धाकू संध्याकाळी आला तेव्हा आम्ही त्याला घेरलं. त्यानं झाकणं हुंगली, तारा बघितल्या, बॅटरी तपासली. तारा सुट्या. गज इथे, साखळी तिथे. पाळणा जागचा हलेना. रविवारी तो दिवसभर समोर बसून राहिला, तरी पाळणा ढिम्म. मग आमच्यावरच उलटला, आम्हाला म्हणे गिरणी सुटल्यापासून दुपारची झोप जास्त झालीय. पण हसला नाही. आणि व्होल्ट किती लागतात ते त्यानं या खेपेला विचारलं नाही.

पुढचं सुगंधा वहिनीनं शेवंतीला सांगितलं, आणि शेवंतीनं मला. रोज दुपारी, आई बाहेर गेली की प्रेमा वरवंट्याला अंघोळ घालायची. कोमट पाण्यानं. अंग पुसायची, दुपटं धुवायची, दुसऱ्या फडक्यात त्याला गुंडाळून, वर कुंची घालून निजवायची. निजवलं की थोड्या वेळानं पाळणा आपोआप हलू लागायचा, आणि बाळ झोपलं की थांबायचा. बाप घरी असला की मात्र ती दगडाला हातही लावत नसे, कारण बाप चेष्टा करील. वहिनी एक दिवस लवकर परतली आणि तिनं पाळण्यातून वरवंटा उचलायला हात घातला. प्रेमा जागेवरून हललीही नाही. म्हणाली, "आई, त्याला नको उचलू. आत्ता झोपलाय."

वहिनी महिनाभर आमच्या पाट्यावर वाटप वाटत होती.

खरी धास्ती वेगळीच होती. प्रेमा जेवेनाशी झाली. तपासणीला दवाखान्यात जायचं टाळू लागली. हा एकटा कसा राहील, म्हणायची. पोटातलं बाळ लाथ मारतं तेव्हा पोरी हात ठेवतात, हसतात. ही हात काढून घ्यायची. आईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, पहिला परत आलाय, त्याचं नाव ठेवायचं राहिलं म्हणून तो आलाय, आणि पाळणा एकच आहे. दुसऱ्याला जागा नाही. दुसऱ्याला ते कळलंय, तो येणारच नाही. हे सगळं ती बाजारातल्या भावाबद्दल बोलावं तसं बोलली, असं वहिनी सांगताना रडली.

नंदू मानखुर्दहून न्यायला आला. सरळ मुलगा, पण घाबरला. सासऱ्याला म्हणाला की पाळणा जाळून टाका, नाहीतर मी हिला घेऊन जातो. प्रेमा त्याला म्हणाली, आम्हा दोघांना ने. नंदू तसाच परत गेला. दिवस भरत आलेले. त्या घरात कुणी मोठ्यानं बोलेना. धाकू रात्री जेवायला बसायचा आणि ताटातला घास तसाच राहायचा. बढाया मारणाऱ्या माणसाचं गप्प बसणं फार वाईट दिसतं हो.

मग एक दिवस अंधेरीला त्यांच्या कारखान्याची वीज गेली आणि धाकू दुपारीच घरी आला. मी गॅलरीत होतोच. त्यानं मला खुणेनं बरोबर घेतलं. आम्ही दारात पोचलो आणि उभे राहिलो.

पाळणा हलत होता. प्रेमा आमच्याकडे पाठ करून खिडकीत बसलेली, काहीतरी गुणगुणत. धाकूनं चौकट धरली.  ज्यानं तो पाळणा केला, त्यातली दोरी न् दोरी ज्याला ठाऊक, तो माणूस आत पाऊल टाकेना. तेवढ्यात विमान गेलं, भांडी थरथरली, आणि मग एकदम सगळं गप्प. त्या शांततेत टप्प असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा टप्प.

धाकूनं मान खाली घातली. पाळण्याशेजारी फरशीवर पाण्याचा एक एवढासा ओघळ होता. त्यानं वर पाहिलं. खोलीतल्या दोऱ्या श्रावणातल्या धुण्यानं भरलेल्या, म्हणून प्रेमानं त्या बाळाचं दुपटं वेगळं वाळत घातलं होतं. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं पाळण्याच्या साखळीला, वर, आकड्याजवळ. जिथे दोन तारा होत्या, बरोबर तिथे.

त्याला कळलेलं मलाही त्याच्या तोंडावरून कळलं. दुपटं ओलं असेतोवर वीज त्याच्यातून त्या हळव्या ट्रान्झिस्टरपर्यंत झिरपायची, दारं आळीपाळीनं उघडायची, पाळणा हलायचा. दुपटं वाळत गेलं की झोका मंद व्हायचा आणि थांबायचा. संध्याकाळी धाकू यायच्या आत वाळलेलं दुपटं प्रेमा घडी करून ठेवायची. रविवारी तर ती ते धुवायचीच नाही.

मला वाटलं आता हा ओरडेल, नाचेल. तो मला ओढून गॅलरीच्या टोकाला घेऊन गेला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊराव, माझाच यंत्र माकाच भियवता रे."

सुगंधा वहिनीला बोलावून सांगितलं. तिचं म्हणणं, गुपचूप तार तोडावी, पाळणा हलायचा थांबेल, पोर विसरेल. मलाही तेच पटलं होतं. धाकूनं मात्र मान हलवली. तार तोडली तर पाळणा कारणाशिवाय थांबणार. प्रेमा दुपारी त्याला अंघोळ घालून निजवणार, वाट बघणार, आणि तो हलणार नाही. "तिच्यासाठी तो दुसऱ्यांदा मरतलो," धाकू म्हणाला. "आणि ह्या खेपेक मी मारलेलो." आणि खरं सांगितलं तर? तर ती कोसळेल, वहिनी म्हणाली, पोटातल्यासकट कोसळेल.  रात्रभर त्यांच्या खोलीत दिवा जळत होता, एवढं मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. दुपारी लेकीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, रोज करतेस तसं कर, मी हसणार नाही. प्रेमानं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. मग केलं. अंघोळ, पुसणं, निजवणं. दुपटं पिळून गजाला आणि साखळीला बांधलं. कुर्र, कुर्र. पाळणा हलू लागला. आम्ही दारात उभे. शेवंतीनं माझा दंड धरला होता.

धाकू उठला. त्यानं साखळीकडचं टोक सोडलं. पाळणा मंदावला, थांबला. पुन्हा बांधलं, हलला. मग ते काढून त्यानं कोरडा टॉवेल बांधला. काही नाही. तांब्यातलं पाणी टॉवेलवर ओतलं. पाळणा हलला.  नंतर दोन्ही तारांची टोकं सोडवून तिच्या कोरड्या पुसलेल्या तळहातावर ठेवली, तांब्यात बुडवलेलं स्वतःचं बोट त्यांच्यावर टेकवलं, आणि पाळणा हलला. बोट उचललं, थांबला.

प्रेमा त्या तारांकडे बघत राहिली. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं तशी ती कोसळली नाही. म्हणाली, "म्हणजे इतके दिवस इथे कुणीच नव्हतं."

धाकू म्हणाला, "नाय गो बाय. पाणी होता."

"बरं," ती म्हणाली.  मग तिनं तारा खाली ठेवल्या आणि बापाकडे पाहिलं. "पाळण्याचं कळलं, बाबा. पण त्याचं नाव ठेवायचं राहिलं, ते तर खरं ना?"

 या माणसाला भुतं व्होल्टमध्ये मोजता येत होती, पण हे कशात मोजणार? त्यानं खिशातून पक्कड काढली, गजाजवळची तार तोडली, साखळीजवळची तोडली, बॅटरी सोडवली. ट्रान्झिस्टरची झाकणं उचलून सुगंधा वहिनीपुढे ठेवली. म्हणाला, ही घासून ठेव, उद्या घुगऱ्या शिजवायच्या आहेत.

गेलेल्या मुलाचं बारसं करतात का? कुणी करत नाही. चंपामावशी म्हणाली, भरल्या दिवसांच्या बाईनं असलं करू नये, आणि दार लावून बसली. वहिनीला रात्रभर झोप नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चार माणसं जमलो, नंदूही निरोप मिळताच मानखुर्दहून आला. आत्या कुणी नव्हती, म्हणून शेवंती आत्या झाली. वरवंट्याला तीच कुंची घातली. पाळण्याच्या खालून वहिनीनं दिला, वरून शेवंतीनं घेतला. खोलीत एवढी माणसं असून कुणाच्या बांगडीचा आवाज नव्हता. अंगावर काटा येतो तो असा, भीतीचा नव्हे, पण काटाच.

दगड पाळण्यात निजवला. पाळणा जागच्या जागी राहिला, आता त्याला हलवणारं काही उरलंच नव्हतं. प्रेमा थोडी थांबली. मला वाटतं ती बघत होती. मग स्वतः कठड्याला हात लावून तिनं एक झोका दिला, खाली वाकली, आणि कुंचीच्या कडेशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. नाव. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. शेवंती अगदी जवळ होती, तिला आलं असणार. मी नंतर कितीदा विचारलं, ती म्हणते हे तुम्हाला सांगितलं तर कुर्ल्यापर्यंत पोचेल.

प्रेमा बराच वेळ तशीच वाकून होती. नंतर तिनंच कुंची सोडली, घडी केली, वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आईच्या ओटीत दिला. म्हणाली, जड आहे, सांभाळून. आणि मग, आई, भूक लागलीय. घुगऱ्या तिनं ताटलीभर खाल्ल्या, उभ्यानंच. नंदू बाजूला तोंड करून पाण्याचा तांब्या धरून उभा होता.

गणपतीनंतर मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, गळा असा की नळाची घंटा फिकी पडावी. बारसं थाटात झालं, चंपामावशी सगळ्यांत पुढे. त्या दिवसापासून मुलगी त्याच सागाच्या पाळण्यात. प्रेमानं तिला निजवताना जरासुद्धा हात आखडला नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

धाकूचे चार ट्रान्झिस्टर पुढे अंधेरीला कारखान्यात गेले, तिथे एका फाटकाला उघडझाप करत होते असं तो सांगायचा. पाळण्याला त्यानं पुन्हा तार लावली नाही. कुणी विचारलं तर लांबलचक काहीतरी तांत्रिक कारण सांगायचा, ज्याचा अर्थ कुणाला लागत नसे. रविवारी दुपारी मात्र त्यांच्या दारावरून जाल तर दिसायचं, धाकू जमिनीवर बसलाय, समोर कुणाचा तरी रेडिओ उघडा, हातात सोल्डरची सळई, आणि पाळण्याची दोरी डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाय हलतोय, पाळणा हलतोय.

एकदा मी डोकावलो तर सळई बाजूला ठेवलेली, धाकू भिंतीला टेकून गाढ घोरत होता. नात पाळण्यात टक्क जागी, कठड्यावरच्या पोपटाकडे बघत. आणि पाळणा हलत होता, बरोबर त्याच लयीत, इकडे हलकेच, मग तिकडे. झोपेतही त्याचा अंगठा थांबला नव्हता. प्रेमा मोरीच्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिनं त्याला उठवलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.